नाही म्हणायला शिकवणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दिसल्याच नाहीत. घाटकोपरच्या कॉलेजातला एम.एड.चा वर्ग, आम्ही सगळ्या जणी नव्या वह्या काढून बसलेल्या, टेबलामागून बाईमाणसाचा खणखणीत आवाज येतोय आणि खुर्चीत कुणीच नाही. माझ्या शेजारची हळूच म्हणाली, "यार, रेकॉर्डिंग लावून गेल्या काय?" तेवढ्यात टेबलाच्या कडेवर आधी पांढरा अंबाडा उगवला, मग जाड चष्मा, आणि चष्म्याखालून प्रश्न आला, "मी तुमच्याशी इतक्या खालून बोलतेय. कसं वाटतंय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? कुणीतरी धीर करून म्हणालं, "बरं वाटतंय, मॅडम."

"वाटणारच. तुम्ही वर आहात ना!"

मग त्या उभ्या राहिल्या. हातात एक बुटकं निळं प्लास्टिकचं स्टूल, कपडे धुताना बाथरूममध्ये घेतात तसलं. हे स्टूल त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत कायम असायचं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापेक्षा आपली मान खाली हवी, हा त्यांचा नियम. लहान मुलांपुरता तो पाळला असता तर कुणाची हरकत नव्हती, पण मॅडमना कुठलाही नियम कुणापुरता पाळता येत नसे. एकदा प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, अभ्यासक्रम वेळेत का संपत नाही म्हणून खडसवायला. मॅडमनी समोरची गुबगुबीत खुर्ची बाजूला सारली आणि स्टुलावर बसल्या. प्राचार्यांना टेबलापलीकडे नुसता अंबाडा दिसायला लागला. अंबाड्याला रागावणार कसं? बिचारे टेबलाला वळसा घालून आले, थोडा वेळ कमरेत वाकून बोलले आणि पाठ भरून आल्यावर स्वतःच फरशीवर मांडी घालून बसले. शिपाई चहा घेऊन गेला तो तसाच परत आला. "साहेबांची आत पूजा चाललीय," म्हणाला. पुढे अभ्यासक्रमाचा विषय कुणी काढला नाही.

त्या आम्हाला शिकवायच्या तो विषय म्हणजे बालपणाचा आणि शिक्षणाचा अभ्यास करताना वापरायच्या संशोधनपद्धती. नावातच झोप आहे. आमच्या आधीच्या बॅचने आम्हाला आधीच घाबरवून ठेवलं होतं, की तक्ते पाठ करा, व्याख्या पाठ करा आणि पुढच्या बाकावर बसू नका. पण ती बॅच दुसऱ्या सरांकडे शिकली होती. आमच्या वाट्याला मॅडम आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर हाकलून शेजारच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला बसवलं. "मधल्या सुट्टीत जे दिसेल ते लिहा."

आम्ही लिहिलं. मी तर झकास लिहिलं होतं. 'मुलं आनंदाने बागडत होती' अशी सुरुवात. मॅडमनी लाल पेन काढलं आणि 'आनंदाने' खोडलं. मग 'बागडत' खोडलं.

"आनंदाने हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसत होतं ना, मॅडम. हसत होती."

"मग हसत होती असं लिही. खरं तर तेही नाही, दात दिसत होते एवढंच लिही. दात काय, डेंटिस्टकडेही दिसतात."

वर्ग खो खो हसला आणि मी लाल झाले. पण त्या दिवशी संध्याकाळी वाकोल्याला घरी येताना बसमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर एक पोर होतं, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पोर आईच्या बांगडीतून बोट घालत होतं, काढत होतं, पुन्हा घालत होतं. एरवी मी 'गोड पोर' म्हणून मान फिरवली असती. स्टॉप कधी गेला कळलंच नाही, पुढच्या स्टॉपवरून चालत आले. मला इतकी मजा आली होती की आईला स्वयंपाकघरात उभं करून मी ते बोट आणि बांगडी सविस्तर सांगितलं. आई म्हणाली, "मग? तूही तेच करायचीस."

लहान मुलाला 'का' विचारायचं नाही, हा त्यांचा आणखी एक कायदा. 'का' म्हटलं की मूल लगेच दिंडोशीच्या कोर्टात उभं राहिल्यासारखं आपला बचाव करायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. "'मग काय झालं' विचारा. 'मला दाखव' म्हणा. आणि नंतर तोंड बंद ठेवा, ते सगळ्यात कठीण." मुलाखत मध्येच तोडायची नाही हाही नियम होता आणि त्यापायी त्या स्वतः निम्म्या लेक्चरला उशिरा यायच्या. कारण रिक्षावाला. मुलुंडहून येताना त्या रिक्षावाल्याला त्याच्या लहानपणाबद्दल विचारायच्या आणि कॉलेजच्या दाराशी पोचेपर्यंत तो जेमतेम दुसरीत गेलेला असायचा. आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघायचो. खाली रिक्षा उभी, मीटर चालू, रिक्षावाला मागे वळून हातवारे करतोय आणि आत मॅडम मान डोलावताहेत. एकदा तर तो माणूस डोळे पुसताना दिसला. मॅडम वर आल्यावर आम्ही विचारलं, काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "ते मला सांगितलंय. तुम्हाला नाही."

आणि गंमत म्हणजे लहानपणीच्या आठवणींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मोठ्या माणसाने आपलं बालपण सांगायला घेतलं की त्यातलं निम्मं तो तिथल्या तिथे शिवतो, असं त्या म्हणायच्या. मग रिक्षावाल्याचं का ऐकता? "तो शिवतो कसं, ते ऐकते." हे माझं लिखाण त्यांच्या हाती पडलं तर लाल पेनची एक कांडी संपेल, हे मला ठाऊक आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मॅडम मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा मंडळी मुलुंडला आली. वर्गात त्या छापील मराठी बोलत, पण आनंद किंवा राग अनावर झाला की थेट मालवणीत उतरत. त्यामुळे 'आज मॅडम मालवणीत गेल्या' एवढं म्हटलं की काहीतरी मोठं घडलंय हे सगळ्यांना कळायचं. माझ्यामुळे त्या दोनदा गेल्या. तेच सांगायचं आहे.

दुसऱ्या वर्षी प्रबंध करायचा होता. मी विषय घेतला, चार-पाच वर्षांची मुलं खेळताना आपापसांत नियम कसे ठरवतात. मार्गदर्शक मॅडम. जागा, दिंडोशीच्या एका वसाहतीतली बालवाडी. एकच खोली, तीन पायऱ्या, दारात चपलांचा ढीग आणि सगळ्यांना 'बाळा' म्हणणाऱ्या शांत ताई. येत्या जूनपासून मला एका अध्यापक विद्यालयात शिकवायची नोकरी कबूल झाली होती आणि अट एवढीच होती की एम.एड. हातात हवं. आमच्या घराण्यात इतकं शिकलेलं कुणी नव्हतं. बाबा अकोल्याकडून आलेले, लिफ्टदुरुस्तीत आयुष्य काढलेलं. त्यांनी वाकोल्यात भेटेल त्याला आधीच सांगून टाकलं होतं की लेक आता शिक्षकांना शिकवणार. समोरून येणारा माणूस 'जय भीम' म्हणून पुढे निघायच्या आत बाबा ही बातमी देऊन मोकळे व्हायचे. म्हणजे प्रबंध वेळेत झाला नाही तर नोकरी जाणार होती आणि बाबांना रोजचा रस्ता बदलावा लागणार होता.

आईबापांच्या सह्या मी दोन दिवसांत आणल्या. मॅडम म्हणाल्या, "छान. आईबाप हो म्हणाले. मुलांचं काय?"

"मुलांना काय विचारायचं मॅडम, चार वर्षांची आहेत."

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की लेक्चर लांबतं हे माहीत असल्यामुळे मी लगेच "विचारते, विचारते" म्हणाले.

त्यांची रीत अशी होती. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं घ्यायची, निळी आणि लाल. निळं म्हणजे हो, बस आमच्यात. लाल म्हणजे आज नको. रोज सकाळी विचारायचं, कारण काल हो म्हणालेलं मूल आज नाही म्हणू शकतं. आणि लाल पडलं तर संशोधकाने मुकाट्याने उठायचं. मुलांना हे समजावून सांगायला पहिल्या दिवशी मॅडम स्वतः दिंडोशीला आल्या. गोल करून बसलेल्या मुलांमध्ये स्टुलावर बसल्या, झाकणं वाटली, सगळं सांगितलं. मुलं ऐकत होती, पण चेहऱ्यावर शंका होती. काव्या नावाची एक चुणचुणीत पोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि लाल टाकलं तर ही ताई ओरडणार."

"नाही ओरडणार. उठून जाणार."

"खोटं."

आता मॅडमना खोटं म्हटलेलं कसं चालेल? "करूनच बघूया! टाका बरं सगळ्यांनी लाल!" लाल झाकणांचा सडा पडला. मी उठून बाहेर गेले, आत आरडाओरडा झाला, मॅडमनी मला परत बोलावलं. "पुन्हा टाका!" मी पुन्हा बाहेर. या वेळी चप्पल घालून जायचं, असा हुकूम झाला. तिसऱ्या वेळी दारात थांबून "बरं, येते हं मी" असंही म्हणायला लावलं. मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती, बालवाडीच्या ताई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभ्या होत्या आणि मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मीही हसत होते. नाही म्हटलं की खरंच ऐकतात हे मुलांना इतकं पक्कं पटवून दिलेलं मी आजतागायत दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, गोलात बसले आणि झाकणं पुढे ठेवली. एका मुलाने लाल झाकण उचललं, ते सगळ्यांना दाखवून काहीतरी म्हटलं, आणि मग पटापट सगळी लालच पडली. मी चप्पल घातली, "बरं, येते हं मी" म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशीही लाल. चौथ्या दिवशीही. पुढचा आठवडाही तसाच गेला. मी रोज वाकोल्याहून दिंडोशीला जायची, आत जाऊन दोन मिनिटं बसायची आणि बालवाडी सुटेपर्यंत पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसायची. आतून खिदळणं ऐकू यायचं. माझी मैत्रीण व्हॉट्सॲपवर रोज विचारायची, "आज?" आणि मी लिहायची, "वाट लागली."

बाबांना तर हे समजेचना. "लेकरं नाही म्हणतात आणि तू उठून येतेस? अगं, लेकरं आंघोळीलाही नाही म्हणतात!"

"संशोधनात असंच असतं, बाबा."

"मग त्या संशोधनाला आंघोळ घाला," म्हणाले आणि टीव्ही लावला. पण त्यांना झोप लागत नव्हती हे मला दिसत होतं.

मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जात राहा." मी म्हटलं, दुसरी बालवाडी बघू का? तर म्हणाल्या, "का? इथल्यांनी नाही म्हणायला शिकून काय गुन्हा केलाय?" मला इतका राग आला! यांना ठीक आहे, यांची पेन्शन जवळ आलेली, माझी नोकरी जायची वेळ आलीय, आणि यांना मुलांचं कौतुक. ताईंना सांगून झाकणं गुपचूप बंद करावीत, असंही मनात आलं. ताई भल्या बाई, त्यांनी केलंही असतं. पण सकाळी आत जाऊन बसलं, की समोरची सगळी तोंडं माझ्याकडे अशी बघायची की झाकणांची पिशवी आपोआप बाहेर निघायची.

आणि मग एके दिवशी काव्या बाहेर पाणी प्यायला आली. प्यायली, तोंड बाहीला पुसलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "उद्या तुला बाहेर काढायची माझी पाळी आहे. तू ये हां. दांडी नको मारू."

"पाळी म्हणजे?"

"पाळी म्हणजे पाळी! आज आरुषची होती. पण तो आधीच हसला. दार लागायच्या आधी हसलं ना, की पुढच्या वेळी पाळी नाही." एवढं बोलून ती आत पळाली.

मी पायरीवरच उभी राहिले. म्हणजे आत रोज खेळ चालला होता. मला बाहेर काढण्याचा खेळ, त्यात पाळ्या, त्यात बाद होणं. मुलं नियम कसे ठरवतात हे शोधायला मी आले होते आणि मुलं माझ्यावरच नियम ठरवत होती! मी तिथूनच मॅडमना फोन लावला.  पलीकडून कान बधिर होईल असा एक चीत्कार आला, "अगो बाय माझे! काय सांगतस काय!"

हा पहिला मालवणी प्रसंग. पण तो अर्धा मिनिटच टिकला. श्वास घेऊन मॅडम शुद्ध मराठीत म्हणाल्या, "हे आपल्याला वापरता येणार नाही. लाल पडलंय ना?"

मला रडूच फुटलं. "मग मी लिहू काय, मॅडम? चपला किती होत्या ते लिहू?"

 त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे गं. मी तमाशा केला. सगळ्यांसमोर विचारलं की मुलं एकमेकांचं बघून टाकतात, हे मी तीस वर्षं शिकवतेय आणि त्या दिवशी मलाच खेळाची चटक लागली. एकेकट्याला विचारायला हवं होतं. आता तसं विचार. तुमच्यात बसू का, असं नको विचारू. तुम्ही मला रोज बाहेर काढता ते लिहू का, असं विचार."

दुसऱ्या दिवशी मॅडमही आल्या, पण बालवाडीसमोरच्या मैदानाच्या पार पलीकडे, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. कुणी काय उत्तर दिलं हे विचारणाऱ्याखेरीज कुणाला कळता कामा नये, मार्गदर्शकालाही नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पायरीवर बसले. ताई एकेका मुलाला बाहेर पाठवत होत्या. मी कानात विचारायची आणि मूल माझ्या मुठीत झाकण ठेवायचं. आरुष म्हणाला, "आम्ही तुला कसं काढतो ते सगळं लिहिणार? मोठ्या कागदावर?" त्याने निळी दोन ठेवली. काव्याने अट घातली की तिची पाळी नीट लिहायची. निळं, निळं, निळं. माझ्या हातातून झाकणं सांडायला लागली. आपण एका मोठ्या बाईला रोज बाहेर काढतो हे लिहून ठेवलं जाणार, याचा त्यांना केवढा अभिमान वाटला होता!

फक्त एक झाकण लाल पडलं. ज्या मुलाने दुसऱ्या दिवशी पहिलं लाल उचललं होतं, ज्याने हा सगळा खेळ काढला होता, त्याच मुलाचं. मी पुन्हा कानात म्हटलं, "तुझं काहीच नको लिहू?" मुलाने मान हलवली. नको.

पुढचे दोन महिने माझं संशोधन पायरीवर झालं. मुलांनी मला आत घेतलं नाही ते नाहीच. खेळ मोडला असता ना! पण रोज एक जण बाहेर येऊन आतली हकीकत सांगायचा. आजारी मुलाची पाळी बुडाली तर त्याला पुढे दोन मिळाव्यात की नाही यावर सकाळभर वाद चालला, नवीन आलेल्याला पहिली पाळी द्यायची असं ठरलं, आणि माझ्या "बरं, येते हं मी"मधला 'हं' राहिला तर ते धरायचं नाही असंही ठरलं. मोठ्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतकं नीट काही ठरत नसेल. मी लिहीत होते आणि एवढं हसत होते, की ताई मला तिथेच चहा आणून द्यायच्या. फक्त एका मुलाबद्दल मी काही लिहिलं नाही. आणि खरं सांगायचं, तर खेळ सुरू होताना ते मूल जे म्हणालं होतं, त्यात माझ्या सगळ्या प्रबंधाचं सार होतं. रात्री टाइप करताना बोटं शिवशिवायची.

तोंडी परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले त्यांचा लौकिक मोठा. झुपकेदार मिशी, आवाज ढगातून यावा तसा. आधीच्या वर्षी दोन मुलींना त्यांनी रडवून परत पाठवलं होतं, प्रबंध पुन्हा लिहा म्हणून. मला पुन्हा लिहायला लावलं असतं तर जून हातातून गेला असता. बाबा त्या दिवशी कामावर गेलेच नाहीत. कॉलेजच्या गेटबाहेर उभे होते. मॅडम कोपऱ्यात स्टुलावर.

सुरुवात बरी झाली. सर दोनदा हसलेही. मग त्यांनी पान उलटलं आणि त्यांची भुवई वर गेली. "नियम सगळे आलेत. पण हा खेळ सुरू कुणी केला? पहिलं लाल झाकण टाकणारं मूल कोण? ते काय म्हणालं? उगमाबद्दल एक ओळ नाही इथे."

"सर, मला माहीत आहे. पण सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"त्या मुलाने नाही म्हटलंय."

"अहो, नाव बदला. सगळेच बदलतात."

"नावाला नाही, सर. माझं काहीच लिहू नको असं सांगितलंय."

सरांनी प्रबंध मिटला. "हे पाहा, यामुळे तुमचं काम अर्धवट राहतं. मी हे परत पाठवू शकतो, कल्पना आहे ना? एका चार वर्षांच्या पोरासाठी? त्याला आता आठवतही नसेल."

 मला गेटवरचे बाबा दिसत होते. मी म्हणाले, "त्याला आठवत नसेल, सर. पण मी ऐकलंय ना."

सर मॅडमकडे वळले. वळले म्हणजे वाकले, कारण मॅडम खूप खाली होत्या. "मॅडम, तुम्हाला तर माहीत असेल?"

"नाही."

"गाईड असून?"

"गाईड असून."

 सरांनी पेन उघडलं, बंद केलं. मग मिशीवरून हात फिरवला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "माझी नात आहे चार वर्षांची. मिशी टोचते म्हणून रोज नको नको ओरडते, आणि मी रोज पापा घेतो." आणि त्यांनी सही केली. मार्क कापले, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण प्रबंध परत पाठवला नाही.

मी बाहेर आले तर मॅडम माझ्यामागून धावत आल्या आणि भर व्हरांड्यात त्यांनी मला मिठी मारली. "माझा चेडू ता! बघलास मा कसा बोलला!" चेडू म्हणजे लेक; हा दुसरा मालवणी प्रसंग. त्या रडत होत्या, मीही रडत होते, आणि गेटवरून बाबांना हे रडणं दिसलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पास झालेय हे कळायला त्यांना दोन मिनिटं लागली. मग ते जे पेढे आणायला गेले, ते वाकोल्यात वाटत वाटतच घरी पोचले.

आता मी शिक्षकांना शिकवते. मॅडम निवृत्त होऊन मुलुंडला असतात आणि महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जाते. त्यांनी मला काय दिलं हे त्यांना सांगावं असं फार वाटतं, पण समोर बसले की जीभ वळत नाही. आणि त्या बोलूही देत नाहीत. मागच्या खेपेला चहा ओतता ओतता त्या एकदम थांबल्या, स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर कुणी नाही ना ते बघितलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"अगं, आता किती वर्षं झाली. आता तरी सांग ना, कोण होतं ते?"

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. नीट बघितलं तर नाही, बाई खरोखर उत्सुकतेने मरत होती. इतकी वर्षं मरत होती.

"नाही, मॅडम."

"काय म्हणालं होतं, तेवढंच सांग."

"नाही."

त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बरं, मुलगा होता की मुलगी, एवढं तरी?"

मी त्यांच्यापुढे चकल्यांची बशी सरकवली.